मंडळाचं बारसं आणि जास्तीचे पाद्रिनो

“हे नाव पुसायचंय ना? मग आधी भिंतीवरचा माझा फोटो उतरवा, आणि मग खुशाल पुसा!” नाबोर ओरडला.

“तो तुझा फोटो नाहीये,” इत्सायाना म्हणाली. “ते तुझ्या आईच्या बेकरीचं कॅलेंडर आहे. आणि त्यातला माणूस घोड्यावर बसलाय. तू घोड्याला घाबरतोस.”

खोलीतले सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं विल्बर हसला, आणि नाबोरनं ते बरोब्बर लक्षात ठेवलं. विल्बर हा एल साल्वादोरचा पोरगा. दर शुक्रवारी घरून गरमागरम पुपुसा करून आणायचा आणि सगळ्यांना फुकट वाटायचा. आता मला सांगा, मक्याची चीज भरलेली जाड भाकरी, वर कोबीचं लोणचं, आणि तीही फुकट, असं जगात कोण देतं? ज्याला काहीतरी हवं असतं तो देतो. नाबोरनं विल्बरला हे तोंडावर कधी म्हटलं नव्हतं, कारण तोंडात पुपुसा असायची.

भांडण दारावरच्या नावाचं होतं. ‘हुवेंतुद मेहिकाना’, म्हणजे मेक्सिकन तरुणाई. कॉलेजातलं पोरांचं मंडळ. नाच, ढोल, नोव्हेंबरात घरोघरच्या मेलेल्या माणसांच्या आठवणीची आरास, आणि वर्षभर खादाडी. ज्यांनी हे नाव रंगवलं ते सगळे मेक्सिकोचे होते, तेव्हा प्रश्न नव्हता. पण आता निम्मी पोरं साल्वादोरची, दोघी बहिणी ग्वातेमालाच्या, झांदिरा ब्राझीलची, आणि जेरिक नावाचा एक फिलिपिनो पोरगा, जो एका शुक्रवारी जेवायला आला तो परत गेलाच नाही.

“दारावर मेक्सिकन लिहिलंय आणि आत विल्बर बसलाय,” इत्सायाना म्हणाली. ती मंडळाची अध्यक्ष, नर्सिंग शिकत होती, आणि भांडतानासुद्धा समोरच्याची नाडी बघितल्यासारखी बोलायची. “त्याला काय वाटत असेल?”

“मला काही नाही वाटत,” विल्बर म्हणाला. मग जरा थांबून, “म्हणजे, थोडंसं वाटतं.”

“बघ!”

“सगळ्यांना सामावून घेईल असं नाव हवंय, नाबोर. बाकी काही नाही.” आणि मग तिनं कॉलेजच्या ऑफिसातून आलेला निरोप वाचून दाखवला. नाव बदललं की मंडळाची नोंदणी नव्यानं. नोंदणी नव्यानं म्हणजे प्रत्येक सभासदाचा कॉलेजचा नंबर द्यायचा.

इथं नाबोर गप्प झाला. नाबोर गप्प झाला की लोकांना वाटायचं त्याला पटलं. पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

कारण नाबोरला नंबरच नव्हता. शाळा त्यानं सोडली की शाळेनं त्याला, यावर घरात अजून दोन पक्ष होते. कॉलेजच्या बाबतीत वादच नव्हता, तिथं त्याचं नाव कधीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तो बेकरीतून पावाचा ट्रे पोचवायला आला होता. मंडळाच्या खोलीतल्या सोफ्याच्या डाव्या टोकाला पाच मिनिटं टेकला, आणि अजून टेकलेलाच होता. नाचाला ढोल तोच वाजवायचा. भांडणं तोच सुरू करायचा. सोफ्याच्या डाव्या बाजूला त्याच्या मापाचा खड्डा पडला होता. तू इथं शिकतोस का, असं त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि शाळा सोडल्यापासून ज्या एका ठिकाणी हा प्रश्न कोणी विचारला नाही ते ठिकाण म्हणजे हा सोफा.

आणि आता सगळ्यांना सामावून घ्यायचंय म्हणे! नंबर वाचताना इत्सायानानं त्याच्याकडे बघितलं नाही. हेच तर! मुद्दाम बघितलं नाही. नाव बदलायचं हे निमित्त आहे. बदलायचाय मी.

पुढचे तीन शुक्रवार नावावरून रणकंदन झालं. कोणी म्हणालं लातिनो, कोणी म्हणालं छे, त्यात पोरी येत नाहीत, लातिने. ग्वातेमालाच्या बहिणी म्हणाल्या, आमची आजी माया भाषेत शिव्या देते, आम्ही यातल्या कोणीच नाही. झांदिरा म्हणाली, आम्ही पोर्तुगीज बोलतो, स्पॅनिश नाव ठेवलंत तर मी दारातूनच वळणार. जेरिकनं हळूच हात वर केला, “आमच्यावरही स्पेनचं राज्य होतं. धरा की आम्हाला पण.” नाबोर सगळ्यांवर ओरडला, कारण एकावर ओरडून दुसऱ्याला सोडणं त्याला पटत नसे. त्यातल्या त्यात ही तरी समानता.

घरी, म्हणजे बेकरीत, डॉन क्रूस बसलेले होते. डॉन क्रूस म्हणजे शेजारचे आजोबा. संत्री पेट्यांत भरायच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून सकाळची कॉफी ते बेकरीतच घेत आणि ती दुपारी संपवत. त्यांनी आयुष्यात कोणाला सल्ला मागू दिला नाही. मागायच्या आधीच द्यायचे. मंडळाचा सोफाही त्यांच्याच घरचा. बायको एदुविखेस गेल्यावर त्यांना तो घरात बघवेना, म्हणून त्यांनी तो पोरांना देऊन टाकला होता.

“नाव असं हात वर करून ठरतं का रे, मिहो, माझ्या पोरा?” ते म्हणाले. “हात वर करून पोलिसासमोर उभं राहतात. नाव म्हटलं की बारसं आलं. बाप्तिस्मा! आणि बाप्तिस्मा म्हटला की पाद्रिनो आला. पोराचा धर्मपिता. नाव तो देणार. आमच्या गावात आईबापाला बोलायची सोय नव्हती. पाद्रिनोनं एकदा म्हटलं पांतालेओन, की पोरगं जन्मभर पांतालेओन.”

“बरं, मग?”

“मग काय! एकदा पाद्रिनो झालास की बिशपचा बाप आला तरी तुला त्या घरातून काढू शकत नाही. माझ्या पोराचा पाद्रिनो सेवेरो. तोंड बघत नाही मी त्याचं. पण ख्रिसमसला येतो, बसतो, टम्म खातो, जातो. काढताच येत नाही!”

नाबोरच्या डोक्यात दिवा पेटला. काढताच येत नाही!

“पण स्वतःहून होता येत नाही हं,” डॉन क्रूसनी कपात पाव बुडवला. “आपण मागितलं तर तो पाद्रिनो नाही, भिकारी. पोराचे आईबाप टोपलीत पाव घालून विचारायला येतात. नको असेल तर टोपली परत पाठवायची. आणि हे बघ, पाद्रिनोला खर्चही असतो. बाप्तिस्मा झाला की गल्लीतली पोरं...”

पण नाबोर केव्हाच दाराबाहेर पडला होता. सल्ला अर्धाच ऐकायचा ही त्याची सवय. उरलेला अर्धा पुढं जाऊन नडतो, हे त्याला दर वेळी पुढं गेल्यावरच कळायचं.

पुढच्या शुक्रवारी त्यानं सोफ्यावर उभं राहून सांगितलं, “नाव आपण नाही ठरवायचं. मंडळाचं बारसं करायचं. पाद्रिनो नाव देईल. आमच्या बेकरीच्या मागच्या अंगणात, महिन्याभरानं, शनिवारी.”

आणि सगळे हो म्हणाले!

एकानंही विरोध केला नाही. ज्या लोकांचं पिझ्झावर काय घालायचं यावर कधी एकमत झालं नव्हतं, ते एका दमात हो म्हणाले. विल्बर तर टाळ्या वाजवायला लागला. नाबोर जागीच थिजला. काहीतरी शिजत होतं. माणसं भांडून दमली की कशालाही हो म्हणतात, हे साधं कारण त्याला सुचलं नाही, कारण तो स्वतः भांडून कधी दमलाच नव्हता.

“व्यवस्था तू बघ,” इत्सायाना म्हणाली.

व्यवस्था! पाद्रिनो कोण, यावर अवाक्षर नाही.

मग तो वाट बघू लागला. बेकरीत गिऱ्हाइकाला पाव देताना, ढोल ताणताना, सोफ्याच्या खड्ड्यात बसून. कोणीतरी येईल आणि म्हणेल, नाबोर, आमचा पाद्रिनो होशील का? मागता तर येत नव्हतं. त्यामुळे तो नुसता चेहरा करून बसायचा. कसला चेहरा, तर विचारायला हरकत नाही असा. पण बघणाऱ्याला वाटायचं याचं पोट बिघडलंय. झांदिरानं त्याला दोनदा पुदिन्याचा चहा करून दिला.

एक दिवस बेकरीत बघतो तर आई, डोन्या एवेलिया, एक मोठी टोपली भरतेय. शंखासारखी नक्षी असलेले गोड कोंचा, जिऱ्याचे पाव, वर भरतकामाचा रुमाल. सगळा निवडक माल.

“अमा, कोणाची टोपली?”

“गिऱ्हाइकाची.”

“कोण गिऱ्हाईक?”

“ज्यानं मागवली ते. तू तुझं काम कर.” आणि तिनं तोंड फिरवलं. हसू लपवायला तोंड फिरवलं, हे नाबोरनं टिपलं. त्यावरून आपली आईसुद्धा त्यांना मिळालीय, एवढाच निष्कर्ष त्यानं काढला.

दुपारी तीच टोपली इत्सायानाच्या हातात! मंडळाच्या दारात ती आणि विल्बर कुजबुजत होते. नाबोरला बघून गप्प झाले. झालं! टोपली विल्बरसाठी. पाद्रिनो विल्बर. पुपुसांचं रहस्य उलगडलं.

“नाबोर, तुझ्याशी जरा बोलायचंय,” इत्सायाना आत आली.

“मला माहितीय काय बोलायचंय!”

“माहितीय? मग बरंच आहे, तर तू...”

“माहितीय आणि मला ऐकायचं नाहीये! नंबर नाही तर नाही! सरळ सांगा ना तोंडावर, हे टोपल्या घेऊन काय फिरता!”

“मी सरळच सांगायला...”

“तुम्हा नर्स लोकांचं असंच. दुखणार नाही म्हणायचं आणि सुई खुपसायची!”

इत्सायानानं टोपली टेबलावर आदळली आणि ती निघून गेली. टोपली तिथंच राहिली. नाबोरनं बराच वेळ तिच्याकडे रागानं बघितलं. मग एक कोंचा उचलला. म्हटलं, विल्बरला मिळण्यापेक्षा आपल्या पोटात गेलेला बरा. मग दुसरा उचलला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून टोपली फस्त केली. विल्बरनंही खाल्लं, आणि काहीच बोलला नाही. केवढा आतल्या गाठीचा पोरगा!

दोन दिवसांनी ती पुन्हा टोपली घेऊन घरी आली. नाबोरनं खिडकीतून बघितलं आणि मागच्या दारानं पळाला. रात्री परतला तेव्हा टोपली स्वयंपाकघरात होती. आई म्हणाली, “इत्सायाना येऊन गेली.” तो म्हणाला, “मला त्या विषयावर काही ऐकायचं नाही,” आणि दुधाबरोबर तीन पाव खाऊन झोपला. आई त्याच्याकडे बघतच राहिली.

आता तो पुरता पेटला होता. त्यानं सापळा रचायचं ठरवलं. सापळा असा: एकेकाला गाठायचं, नावाचा पाद्रिनो होतोस का म्हणून विचारायचं, आणि जो हो म्हणेल तो कटात सामील. आहे की नाही साधी गोष्ट?

विल्बरच्या मामाकडे भाड्याच्या खुर्च्या होत्या. “खुर्च्यांचा पाद्रिनो होतोस?” आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला पाद्रिनो असतो. केकचा वेगळा, गाण्याचा वेगळा, फुगवलेल्या किल्ल्याचा वेगळा. ज्याला जे झेपेल ते त्यानं आणायचं.

“खुर्च्यांचाच?” विल्बर जरा खट्टू झाला.

“बरं, नावाचा हो. पण कोणाला बोलू नकोस.”

“खरंच? मी? हो की!” विल्बरचे डोळे भरून आले. सापडला चोर!

झांदिराकडे स्पीकर होते. तीही हो म्हणाली, वर त्याला मिठी मारली. सापडली! डॉन क्रूसना तामाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेले उंडे, आणायला सांगायचं होतं, म्हणून त्यांनाही तपासून बघितलं. डॉन क्रूस जन्मात पहिल्यांदा गप्प बसले. मग कॉफी खाली ठेवून म्हणाले, “माझ्यासारख्या म्हाताऱ्याची आठवण ठेवलीस, मिहो.” सापडले! तेही! नाबोरला वाईट वाटलं, पण पुरावा म्हणजे पुरावा.

राहिलं कॉलेजचं ऑफिस. तिथं हाउगन बाई बसायच्या. बारीकशा, टेबलावर एक निवडुंगाची कुंडी, आणि आवाज इतका हळू की जी बाई एवढं हळू बोलते ती काहीतरी लपवतेच.

“नाव बदल असा प्रकार आमच्याकडे नसतो,” त्या म्हणाल्या. “जुनं मंडळ बंद करायचं आणि नवं उघडायचं. जुनं शुक्रवारी बंद होतंय. नवं सोमवारी.”

“आणि शनिवार-रविवार?”

“काय शनिवार-रविवार?”

“त्या दोन दिवसांत आम्ही कोण?”

हाउगन बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “कोणीच नाही,” त्या म्हणाल्या.

नाबोर खुर्चीत सावरून बसला. “समजा, एक मित्र आहे. माझा. त्याला नंबर नाही. तर तो मंडळात...”

“सभासदाला नंबर लागतो. तुझा नंबर काय?”

“मित्राचं चाललंय!”

“हो, हो. मित्राचा नंबर काय?”

“नाही ना! तेच तर सांगतोय!”

बाईंनी चष्मा काढला आणि त्याच्याकडे इतक्या मायेनं बघितलं की नाबोरच्या अंगावर काटा आला. म्हणून त्यानं तिथंही सापळा टाकला. दारावरच्या नव्या फलकाची माद्रिना, म्हणजे धर्ममाता, व्हाल का? खरं म्हणजे नावाचीच? कोणाला सांगू नका.

“इतकी वर्षं झाली,” हाउगन बाई म्हणाल्या, “लोक माझ्याकडे खोलीची किल्ली मागायला येतात. दुसरं कोणी काही मागितलं नव्हतं.” आणि त्या हो म्हणाल्या.

कट ऑफिसपर्यंत पोचला होता!

शुक्रवारी मंडळ मेलं. दुपारी कॉलेजची माणसं आली आणि त्यांनी खोली रिकामी केली, कारण जे मंडळच नाही त्याला खोली कशाला? चेंडू हवेत झेलणाऱ्यांचं एक मंडळ होतं, ते आपल्या काठ्या आणि चेंडू घेऊन आत शिरलं सुद्धा. आरास, कॅलेंडर, ढोल सगळं व्हरांड्यात. आणि सोफा रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या डब्याशेजारी, पाठीवर ‘टाकून देणे’ अशी चिठ्ठी लावून.

नाबोर बेकरीची गाडी घेऊन धावला. तिथं विल्बर आधीच उभा होता, सोफ्याला पहारा दिल्यासारखा. विल्बरनं उजवी बाजू धरली, नाबोरनं डावी. ज्याची जी बाजू होती ती. चिठ्ठी नाबोरनं फाडून टाकली.

“नाबोर, उद्या तुला एक...”

“कळेल उद्या. सगळ्यांचं सगळं कळेल.”

शनिवारी अंगण भरलं. खुर्च्या आल्या, स्पीकर आले, डॉन क्रूसच्या तामाल्यांची वाफ कुंपणापलीकडे गेली. फुगवलेल्या किल्ल्यात गल्लीतली सगळी पोरं टणाटण उड्या मारत होती. शेजारीपाजारी जमले. प्रत्येकाचा काहीतरी सल्ला होताच. समोरची बाई म्हणाली अंगण उतारावर आहे, बाळाला पाणी घातलं की सगळं आमच्या दारात येणार. कोणी म्हणालं, पाणी गार नको.

आणि मग डोन्या एवेलिया हातात पाण्याचा जग घेऊन उभी राहिली. “बाळ कुठंय?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. बाळ! बारशाला सगळं होतं, बाळच नव्हतं. मंडळाला ना हात ना पाय. खोली गेलेली. फलक आला होता, पण नाव ठरलं नव्हतं म्हणून कोरा. शेवटी आईनंच निकाल लावला. घरातला लेसचा पांढरा टेबलक्लॉथ आणून सोफ्यावर घातला आणि चारी कोपरे नीट खोचले. झबलं घातलेला सोफा! चर्चमधून बोलावलेले पाद्रे बाबा म्हणाले, “मी फर्निचरला बाप्तिस्मा देत नाही.” पण तामाले खायला थांबले.

“चला, नाव सांगा, पाद्रिनो!” आई म्हणाली.

चार जण एकदम उभे राहिले.

“ज्वालामुखी!” विल्बर ओरडला. “साल्वादोरला आहेत, मेक्सिकोला आहेत, ग्वातेमालाला आहेत!”

“ब्राझीलला नाहीत!” झांदिरा ओरडली, आणि तिनं स्वतः ठरवून आणलेलं नाव म्हणायला घेतलं. ते एवढं लांब होतं की मध्ये ढोल लागत होता.

“सांता एदुविखेस,” डॉन क्रूस टोपी काढून म्हणाले. आता मेलेल्या बायकोच्या नावाला कोण नाही म्हणणार?

हाउगन बाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि हळू आवाजात वाचलं, “सर्वसमावेशक बहुसांस्कृतिक विद्यार्थी सहभाग गट.” पाद्रे बाबांनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या.

“पण पाद्रिनो मी आहे! मला नाबोरनं सांगितलं!”

“मला पण नाबोरनंच!”

“मला तर म्हणाला कोणाला सांगू नका!”

“मलाही!”

सगळ्या माना वळल्या. आता खरं तर शहाण्या माणसानं तामाले वाढायला घेतले असते. नाबोर सोफ्यावर चढला, बूट घालून, झबल्यावर.

“हो, सांगितलं! सापळा होता! आणि सगळे सापडलात! सगळ्यांना सामावून घ्यायचंय म्हणे, आणि मला काढायचं! नंबर नाही म्हणून! दोन वर्षं तिथं बसतोय मी, ढोल काय तुमचा नंबर वाजवत होता?”

“तुला कोण काढतंय?” इत्सायाना म्हणाली.

“मग विचारलं का नाहीत मला?” हे बोलताना त्याचा आवाज फाटला, आणि त्याचा त्याला इतका राग आला की त्यानं तेच पुन्हा मोठ्यानं म्हटलं. “महिनाभर वाट बघतोय मी! एकानंही विचारलं नाही!”

किल्ल्याचा पंखा तेवढा घोंघावत होता.

“विचारलं नाही?” इत्सायाना कंबरेवर हात ठेवून पुढं आली. “टोपली घेऊन मी आले तेव्हा माझ्या अंगावर कोण ओरडलं? आं? पुन्हा घरी आले तेव्हा मागच्या दारानं कोण पळालं? तुझे बूट दिसले मला कुंपणावरून जाताना! आणि पाव कोणी खाल्ला?”

“सगळ्यांनी खाल्ला.”

“पहिला कोणी?”

जेरिकनं हळूच हात वर केला. “यानं. एकापाठोपाठ दोन. मी मोजत होतो, मला उरतील का म्हणून.”

“थांबा, थांबा,” डॉन क्रूसनी टोपी परत डोक्यावर घातली. “टोपली विचारायला आली होती? आणि तू ती परत नाही पाठवलीस?”

“नाही.”

“वर पाव खाल्लास?”

“खाल्ला,” नाबोर म्हणाला. “घरी आणखी तीन.”

“मग संपलं की रे, गाढवा! पाव खाल्ला म्हणजे हो म्हटलं. महिनाभर तूच पाद्रिनो आहेस, आणि गावभर पाद्रिनो करत फिरतोयस? मी कॉफी सोडून रडलो रे त्या दिवशी!”

नाबोरनं आईकडे बघितलं. “अमा, तुला माहीत होतं?”

“टोपली मीच भरली ना.”

“मग बोलली का नाहीस?”

“विचारणाऱ्यानंच विचारायचं असतं, आईनं मध्ये तोंड घालायचं नसतं. आणि तू चांगला दूध-पाव ओढत होतास. मला वाटलं, याला कळलंय. पोटच्या पोराला एवढंही कळत नसेल असं कुठल्या आईला वाटेल?”

“मी काल तेच सांगत होतो,” विल्बर म्हणाला.

“पण नंबर?” नाबोरचा संशय असा पावावर सुटणारा नव्हता.

हाउगन बाईंनी आपला कागद पुन्हा घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. “पाद्रिनोला नंबर लागत नाही,” त्या हळूच म्हणाल्या. “प्रत्येक मंडळाला बाहेरचा एक माणूस आधार म्हणून चालतो. तो रकाना सगळे रिकामाच सोडतात. सोमवारी येऊन सही कर.” मग जरा थांबून, “तुझ्या त्या मित्रालाही सांग.”

“नाव! नाव!” सगळे ओरडायला लागले.

आणि नाबोर बघतच राहिला. महिनाभर तो नाव द्यायचा मान मिळावा म्हणून तळमळत होता, पण नाव काय द्यायचं याचा त्यानं क्षणभरही विचार केला नव्हता. त्यानं विल्बरकडे बघितलं, डॉन क्रूसकडे बघितलं. मग खाली बघितलं. पायाखाली लेस, लेसखाली त्याचा खड्डा.

“सोफा,” तो म्हणाला.

“काय?”

“सोफा! शुक्रवारी एकमेकांना काय सांगता? कुठं भेटू?”

“सोफ्यावर,” झांदिरा म्हणाली. मग तिलाच हसू आलं. “आमच्याकडेही सोफाच म्हणतात.”

“आमच्याकडे पण,” जेरिक म्हणाला.

“फॉर्मच्या ओळीतही मावतं,” हाउगन बाई म्हणाल्या.

विल्बरनं ज्वालामुखी सोडून दिला. राहिले डॉन क्रूस. ते सोफ्याजवळ आले आणि त्याच्या उजव्या हातावरचं लेसचं टोक त्यांनी नीट केलं. “एदुविखेस इथं डोकं ठेवून झोपायची दुपारची,” ते म्हणाले. “घाला पाणी.”

आईनं जग उलटा केला. नाबोरला उतरायला वेळच मिळाला नाही. गुडघ्यापर्यंत भिजला. टाळ्या, शिट्ट्या, इत्सायाना भिजलेल्या बुटांकडे बघून हसतेय, विल्बर उजव्या बाजूला चढून त्याच्या पाठीवर थापा मारतोय. आता काढून दाखवा! नाबोरनं असा श्वास घेतला, असा घेतला की बस.

तेवढ्यात किल्ल्यातली उड्यांची धडधड थांबली.

गल्लीतली सगळी पोरं त्याच्याकडे बघत होती. एक उतरलं, मग दुसरं, मग सगळा लोंढा. “बोलो, पाद्रिनो! बोलो! बोलो!”

डॉन क्रूसच्या सल्ल्याचा तो उरलेला अर्धा भाग. बाप्तिस्मा झाला की पाद्रिनोनं मूठमूठ नाणी उधळायची असतात, त्यालाच बोलो म्हणतात. आणि नाही उधळली तर पोरं त्याची अब्रू काढतात.

नाबोरनं खिसे चाचपले. ढोलाची एक काठी आणि कोंच्याचा वाळका तुकडा.

“कंजूष पाद्रिनो! कंजूष पाद्रिनो!” पोरांनी सोफ्याला वेढा घातला. एकानं त्याच्या पँटचा पाय धरला. यांना कोणीतरी शिकवून ठेवलंय, नाबोरच्या मनात आलं. बघतो तर विल्बर वाकून सगळ्यात छोट्या पोराच्या कानात काहीतरी सांगतोय.

“मला माहीत होतं!” नाबोर म्हणाला आणि सोफ्याच्या पाठीवरून कुंपणावर चढला.

“अरे, केक कापायचाय! कुठं चाललास?” इत्सायाना ओरडली.

“मला आता निघायला हवं!”